निळ्या भुग्याचा किनारा

मे महिना लागला की माझा उजवा हात दुखायला लागतो. मिल्टन कीन्समधल्या एका शाळेत मी टीचिंग असिस्टंट आहे आणि परीक्षेच्या दिवसांत माझ्याकडे लेखनिकाचं काम येतं. कुणाचं मनगट मोडलेलं असतं, कुणाला अक्षरं उलटसुलट दिसतात. अशा मुलांशेजारी एका छोट्या खोलीत बसायचं आणि ती सांगतील ते लिहायचं, अगदी जसंच्या तसं. चुकीचं सांगितलं तर चुकीचं लिहायचं. त्यांनी नाईल नदी दक्षिण अमेरिकेत नेली तर आपणही मुकाट्याने न्यायची, भुवईसुद्धा हलवायची नाही. मी नागपुरातल्या एका शाळेत सतरा वर्षं भूगोल शिकवलाय. कुणी माझ्यासाठी मुद्दाम शिक्षा शोधायला बसलं असतं तरी इतकी नेमकी सापडली नसती.

बाहेर तेव्हा फार सुंदर दिवस असतात, असं सगळे म्हणतात. शहराची हद्द संपली की मोहरीसारखी पिवळीजर्द शेतं लागतात. राउंडअबाउटच्या, म्हणजे गोल चौकांच्या, कडेची झुडपं पांढऱ्या फुलांनी लगडतात, आणि जवळ गेलं तर त्या फुलांना कुबट वास येतो. मुलं शिंकत, डोळे चोळत परीक्षेला येतात. स्पोर्ट्स हॉलमध्ये बास्केटबॉलच्या रेघांवर एकेकटी बाकं मांडलेली असतात आणि फरशीला रबराचा वास असतो. संध्याकाळ होतच नाही, नऊ वाजेपर्यंत उजेड नुसता रेंगाळत राहतो. हा उजेड मला आवडत नाही. दोन हजार चारच्या मेपासून आवडत नाही.

आम्ही इथे आलो दोन हजार साली. माझा नवरा विवेक, त्याला इथे सॉफ्टवेअरचं काम मिळालं. गार्गी, आमची एकुलती एक, तेव्हा बारा वर्षांची होती. माझी एम.ए., बी.एड. माझ्याबरोबर विमानातून आली, पण इथे तिला कुणी ओळख दाखवेना. शिकवायचं असेल तर पुन्हा कोर्स करा, पुन्हा शाळाशाळांतून उमेदवारी करा. मी आधी सुपरमार्केटमध्ये टिलवर, म्हणजे पैसे घ्यायच्या काउंटरवर, बसले. मग एका प्रायमरी शाळेत दुपारच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवायला लागले. त्या बाईला डिनर लेडी म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते काहीतरी मानाचं पद वाटलं होतं. प्रत्यक्षात फ्लुरोसंट जॅकेट घालून गार वाऱ्यात उभं राहायचं आणि ढकलाढकली करू नका म्हणून ओरडायचं.

शिकवायची सवय असलेल्या बाईचं तोंड असं बंद झालं की ते दुसरीकडे कुठेतरी उघडतं. मी भाजी निवडता निवडता विवेकला नैर्ऋत्य मान्सूनचे वारे समजावून सांगायची. तो बिचारा मान डोलवायचा. इंजिनियर माणूस, त्याला वारे कुठूनही आले तरी चालत होते. मला मात्र वर्ग हवा होता. वर्ग नसला की मी कुणीच नव्हते, हे मी तेव्हा कुणाजवळ बोलले नाही, पण रोज सकाळी ते जॅकेट चढवताना मला ते जाणवायचं.

तर त्या वर्षी गार्गी इथल्या अकरावीत होती, म्हणजे आपली दहावी. तिच्या भूगोलाच्या बाई मिसेस प्राइस यांनी कोर्सवर्क दिलं होतं. एक छोटा देश घ्या, त्याची जमीन कशी आहे, माणसं कशावर जगतात, राज्य कसं चालतं आणि पुढे काय अडचण दिसते, हे स्वतः शोधून स्वतःच्या शब्दांत लिहा. त्या कामाचे गुण शेवटच्या निकालात धरले जाणार होते, आणि पुढची दोन वर्षं भूगोल घ्यायचा तर चांगली ग्रेड लागणार होती. गार्गीला घ्यायचा होता. तिने देश निवडला तुवालू. का, तर यादीत तो सगळ्यांत छोटा होता, छोट्या देशाबद्दल थोडंच लिहावं लागेल. पोरगी माझी होती, पण हुशारी अशी बापावर गेलेली.

सतरा वर्षांत मी तुवालूचं नाव एकदाही फळ्यावर लिहिलं नव्हतं. ॲटलास उघडला तर पॅसिफिकच्या निळ्या पसाऱ्यात नाव ठळक आणि देश गायब. भिंग घेतलं तेव्हा माशी बसून उठून गेल्यासारखे काही ठिपके दिसले. मला इतका आनंद झाला, की गार्गी माझ्याकडे बघतच राहिली. चार वर्षांनी माझ्यासमोर पुन्हा एक धडा आला होता. दुसऱ्याच दिवशी मी लायब्ररीत गेले आणि तिथल्या माणसाला कामाला लावलं. त्याने दुसऱ्या गावांच्या लायब्ररींतून मला तीन पुस्तकं मागवून दिली.

नऊ बेटं. त्यांतली बरीचशी कंकणद्वीपं, म्हणजे मधे शांत पाणी आणि त्याच्याभोवती जमिनीची बांगडी, तीही जागोजागी तुटलेली. सगळ्या देशाची जमीन गोळा केली तर आमच्या मिल्टन कीन्सच्या एका कोपऱ्यात मावेल. उंचात उंच जागा दुमजली घराच्या छपराला पोचत नाही. राजधानी फुनाफुती, आणि तिथली जमीन काही ठिकाणी इतकी चिंचोळी, की रस्त्यावर उभं राहिलं तर डावीकडेही पाणी आणि उजवीकडेही पाणी. मी नागपूरची. देशाच्या पोटात वाढलेली. समुद्र मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिला, आणि आता राहत होते तेही समुद्रापासून चहूबाजूंनी लांब असलेल्या गावात. त्यामुळे असेल, त्या चिंचोळ्या जमिनीचं मला वेडच लागलं. डिनर लेडीच्या जॅकेटमध्ये मैदानात उभी असताना मी मनात त्या रस्त्याने चालत असायची.

तिथे नदी नाही. एकसुद्धा नाही. पत्र्याच्या छपरावर पडणारा पाऊस टाक्यांत साठवायचा आणि तो पुरवायचा. जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा एक पातळ थर तरंगत असतो. तिथपर्यंत खड्डा खणायचा आणि त्यात पुलाका लावायचा. पुलाका म्हणजे आपल्या अळूच्या जातीचा कंद. तो खड्डा बापाकडून मुलाकडे येतो. त्यात पानं कुजवून टाकायची, माती तयार करायची, वर्षानुवर्षं एका खड्ड्याची निगा राखायची. आणि आता त्या खड्ड्यांत खारं पाणी झिरपायला लागलं होतं. वर्षाच्या सुरुवातीला मोठ्या भरतीला पाणी किनाऱ्यावरूनच येतं असं नाही, ते जमिनीतून वर येतं. घराच्या अंगणात, गावाच्या मधोमध, प्रवाळाच्या भोकांतून बुडबुडत वर येतं. बांध घालायचा तरी कुठे? 

एक धावपट्टी आहे, युद्धाच्या काळात अमेरिकन सैन्याने बांधलेली. आठवड्यातून मोजकी विमानं येतात. विमान यायच्या आधी भोंगा वाजतो आणि लोक धावपट्टीवरून बाजूला होतात. एरवी ती गावाचं अंगण. संध्याकाळी पोरं तिच्यावर फुटबॉल खेळतात, बायका चटया टाकून बसतात. गार्गीला हा भाग फार आवडला होता. ती म्हणाली, आपल्याकडे हीथ्रोवर असं करायला पाहिजे, तर विवेकने तिला सांगितलं की चटई टाकायला जागा मिळेल, पण कॉफी घेतल्याशिवाय कुणी बसू देणार नाही.

अशा देशाने विकायचं काय? थोडं खोबरं. जगभरचे हौशी लोक गोळा करतात ती पोस्टाची तिकिटं. आपल्या समुद्रात मासे धरायची परवानगी, कारण जमीन नसली तरी पाणी अफाट आहे. वेबसाइटच्या नावाच्या शेवटी त्यांच्या देशाची म्हणून ‘टीव्ही’ ही दोन अक्षरं येतात, ती त्यांनी एका परदेशी कंपनीला भाड्याने दिली होती. विवेक हसून म्हणाला, आडनाव भाड्याने दिलं म्हण की. पण सगळ्यांत मोठी निर्यात माणसांची. तरुण पोरं खलाशाचं शिक्षण घेऊन परदेशी जहाजांवर जातात आणि तिकडून घरी पैसे पाठवतात. विवेक हसायचा थांबला. तोही दर महिन्याला नागपूरला पाठवतच होता. 

राज्य म्हणाल, तर पार्लमेंटमध्ये पंधरा माणसं. पक्ष नाहीत. राणी आपली इथलीच, बकिंगहॅम पॅलेसवाली, आणि तिच्या वतीने तिथलाच एक माणूस. पंधरातल्या दोघातिघांनी मन बदललं की पंतप्रधान पडतो. प्रत्येक बेटावर वडीलधाऱ्यांची बैठक भरते, चारी बाजूंनी उघड्या मोठ्या छपराखाली. मी गार्गीला म्हटलं, आपल्या नागपूरच्या सोसायटीची मीटिंग आठव, फक्त पार्किंगवरून भांडण नाही. ती खूप हसली. त्या मार्चमध्ये आम्ही दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून जेवढ्या हसलो, तेवढ्या इथे आल्यापासून हसलो नव्हतो. हे मी लिहून ठेवते आहे, कारण पुढचं सगळं वाचून कुणाला वाटेल की मी तिच्यावर नुसती जबरदस्ती केली. तसं नव्हतं. मी सुखात होते, आणि सुखातच केलं.

गार्गीने सुरुवातीला स्वतःची दोन पानं लिहिली होती. त्यांत हवामान नव्हतं, क्षेत्रफळ नव्हतं. तिने नुसते प्रश्न विचारले होते. जमीनच उरली नाही तर ती पंधरा माणसं बसणार कुठे? दुसऱ्याच्या देशात बसून आपल्या देशाचा कायदा करता येतो का? समुद्र अजून आपलाच आहे असं म्हणायला किनारा लागतो का? पासपोर्टवर कोणत्या देशाचं नाव लिहायचं? मी ती पानं वाचली आणि बाजूला ठेवली. मी म्हटलं, प्रश्न विचारायचं काम परीक्षकाचं असतं, आपण उत्तरं लिहायची. आज मला कुणी विचारलं, की सतरा वर्षांत तुझ्या हाताखालून गेलेलं सगळ्यांत चांगलं लिखाण कोणतं, तर मी त्याच दोन पानांचं नाव घेईन. ती पानं मी पुढे जेव्हा शोधली, तेव्हा घरात सापडली नाहीत.

मग मी सांगायला लागले आणि ती लिहायला लागली. स्थान आणि विस्तार. प्राकृतिक रचना. हवामान. व्यवसाय. शासनव्यवस्था. समस्या. आम्ही शिकलो ते असंच शिकलो आणि शिकवलं तेही असंच. बाई सांगणार, मुलं उतरवून घेणार, आणि जे मूल काना-मात्रा न चुकता उतरवेल ते हुशार. त्यात फसवाफसवी आहे असं माझ्या मनातही आलं नाही. मी टेबलाभोवती फेऱ्या मारत होते, वाक्य दोनदा म्हणत होते, स्वल्पविरामसुद्धा तोंडाने सांगत होते. माझा तो जुना आवाज परत आला होता.

"आई, हे माझं वाटतच नाहीये," गार्गी एकदा पेन थांबवून म्हणाली.

"तूच लिहिते आहेस नं?" मी म्हटलं. "मग तुझंच."

नकाशा तर मी तिच्या हाताला लागूच दिला नाही. नऊ बेटं, नऊ छोटे चौकोन, दुहेरी चौकट, प्रमाण, उत्तर दिशेचा बाण. मग निळी रंगपेन्सिल ब्लेडने तासून तिचा बारीक भुगा केला, कापसाच्या बोळ्यावर घेतला आणि प्रत्येक बेटाच्या किनाऱ्याभोवती हलक्या हाताने फिरवला. जमिनीलगत गडद, बाहेर जाताना फिका. आपल्याकडे ज्यांनी शाळेत नकाशे काढलेत त्यांना हे सांगायला नको. गार्गी हनुवटी टेकून बघत होती. म्हणाली, किती मस्त दिसतंय. मी म्हटलं, बघून ठेव, पुढे तुला येईल. पण तिच्या हातात कापूस मी दिला नाही. ती बिघडवेल म्हणून.

शेवटच्या पानावर शाळेचा छापील फॉर्म लावायचा होता. हे सगळं काम माझं स्वतःचं आहे, अशी विद्यार्थ्याने सही करायची. गार्गी त्या फॉर्मपाशी अडली. तिने तो मला मोठ्याने वाचून दाखवला आणि माझ्याकडे बघितलं.

"अगं मग?" मी म्हटलं. "मी काय परकी आहे का? कर सही."

तिने सही केली. माझ्या पिढीच्या किती आयांनी मुलांचे नकाशे काढले असतील, चार्ट रंगवले असतील, वह्या पूर्ण केल्या असतील. आई आणि मूल यांच्यात तुझं-माझं असतं, हे मला खरोखरच माहीत नव्हतं. सोळा वर्षांच्या पोरीला ते माहीत होतं, आणि तरी आईवर विश्वास ठेवून तिने सही केली.

त्याच दिवसांत गार्गीच्याच शाळेत टीचिंग असिस्टंटची जागा निघाली. शिक्षिका नव्हे, पण वर्ग तरी. मी अर्ज केला. अर्जात या शाळेत तुमचं कुणी शिकतं का, असा रकाना होता, त्यात मी गार्गीचं नाव लिहिलं. तिची फक्त एक अट होती, कॉरिडॉरमध्ये मला बेटा म्हणून हाक मारायची नाही. मला इंटरव्ह्यूला बोलावलं, मे महिन्यातल्या एका गुरुवारी. आणि त्याच आठवड्याच्या मंगळवारी शाळेतून दुसरं बोलावणं आलं, पालक म्हणून.

झालं असं होतं. मिसेस प्राइसना कोर्सवर्क फारच आवडलं. त्यातही नकाशा. हा निळा किनारा तू कसा केलास, मला शिकव ना, असं म्हणून त्यांनी गार्गीपुढे कागद आणि निळी पेन्सिल ठेवली. त्यांच्या मनात तेव्हा काही नव्हतं, हे मला त्यांना ओळखायला लागल्यावर कळलं. त्या खरंच शिकायला बसल्या होत्या. गार्गीने पेन्सिल हातात घेतली आणि साध्या रेघा ओढत बसली. तिला कापसाचं आठवलं, पण भुगा कसा करायचा, किती दाबायचं, काही जमेना. मग मिसेस प्राइसनी पुन्हा पहिल्यापासून सगळं वाचलं.

त्या खोलीत आम्ही चौघं होतो. मिसेस प्राइस, गार्गीच्या इयत्तेचे प्रमुख असलेले एक उंच गृहस्थ, गार्गी आणि मी. खिडकी उघडी होती, बाहेर गवत कापण्याचं यंत्र चाललं होतं आणि कापलेल्या गवताचा वास आत येत होता. टेबलावर माझा नकाशा पडला होता. मी घरून ठरवून निघाले होते, की हे मी केलं, मुलीचा दोष नाही, आमच्याकडे शिकवण्याची पद्धत अशी आहे, असं सगळं सांगायचं. इंग्रजी वाक्यंही गाडीत जुळवली होती. आणि त्याच वेळी हेही कळत होतं, की हे वाक्य मी इथे उच्चारलं की गुरुवारी मला कुणी बोलावणार नाही. जी बाई स्वतःच्या मुलीचं काम करून देते तिला कुणी वर्गात कसं उभं करेल? सांगितलं तर माझी मिळू घातलेली नोकरी जाणार होती, पण गार्गीला कदाचित ते काम पुन्हा करू दिलं असतं; नाही सांगितलं तर गार्गीचे गुण जाणार. इतकं सरळ होतं ते.

त्या गृहस्थांनी अतिशय सभ्यपणे विचारलं, की हे काम कसं झालं, तुमच्यापैकी कुणी सांगाल का? मी श्वास घेतला.

"मी कॉपी केलं," गार्गी म्हणाली. "इंटरनेटवरून, आणि आईच्या जुन्या पुस्तकांतून. मॅप ट्रेस केला. आईला माहीत नव्हतं."

तिचा आवाज अजिबात हलला नाही. तिघंही माझ्याकडे वळले. मला अजूनही वेळ होता. ती खोटं बोलते आहे, एवढंच म्हणायचं होतं. गवताचं यंत्र बंद झालं होतं.

"गार्गी," मी इंग्रजीत म्हटलं, "आय ॲम व्हेरी डिसअपॉइंटेड इन यू."

हे वाक्य मी जुळवून आणलेलं नव्हतं. ते कुठून आलं मला माहीत नाही. इथल्या आया असं म्हणतात ते मी शाळेच्या फाटकापाशी ऐकलं असेल. गार्गीने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. तिने फक्त मान खाली घातली, जणू मी तिला शिक्षा केली आणि तिने ती घेतली. मिसेस प्राइसच्या डोळ्यांत माझ्याबद्दल कणव दिसली. मला ती कणव घ्यावी लागली.

कोर्सवर्कला शून्य मिळालं. गुरुवारी मी इंटरव्ह्यू दिला. मी साडी नेसावी की ट्राउझर घालावी, हे ठरवायला गार्गीनेच मदत केली. शुक्रवारी त्यांनी फोन करून जागा दिली. विवेकला मी मंगळवारचं जे सांगितलं ते गार्गीचंच बोलणं होतं. तो शांत माणूस, पण तो फार दुखावला. आठवडाभर तो तिच्याशी बोलला नाही, आणि बोलला तेव्हा म्हणाला, की आपण इथे दुसऱ्याच्या देशात राहतो, आपलं नाव खराब होईल असं काही करायचं नसतं. गार्गीने हो म्हटलं. मी ओट्याशी उभी होते आणि भांडी पुसत होते. पुसलेलीच पुन्हा पुसत होते.

जूनमध्ये तिने भूगोलाचा पेपर दिला. मी शाळेबाहेर गाडीत बसून होते. ऊन इतकं स्वच्छ होतं, की गाड्यांच्या काचा बघवत नव्हत्या. पिवळी शेतं तोवर हिरवी होऊन गेली होती. मुलं बाहेर आली, एकमेकांना उत्तरं विचारत, हसत, आणि गार्गी सगळ्यांच्या मागून एकटी आली. पेपर बरा गेला, एवढंच म्हणाली. ऑगस्टमध्ये निकाल लागला, तेव्हा भूगोलात जी ग्रेड आली ती पुढे भूगोल घ्यायला पुरली नाही. तिने बिझनेस स्टडीज घेतलं. तेही चांगलं असतं, असं मी सगळ्यांना सांगायला लागले. सप्टेंबरात मी त्याच शाळेत गळ्यात ओळखपत्र अडकवून रुजू झाले. पहिल्या आठवड्यात कॉरिडॉरमध्ये ती समोरून आली. मी बेटा म्हटलं नाही. काहीच म्हटलं नाही. तीही पुढे गेली.

गेली पाच वर्षं प्रत्येक मे महिन्यात हे सगळं वर येतं. मधल्या महिन्यांत मी बरी असते. काम आवडतं, मुलांना मी आवडते, मिसेस प्राइस आणि मी दुपारी एकत्र चहा घेतो. त्या रिटायर व्हायला आल्यात. त्यांना मी अजून सांगितलेलं नाही. विवेकलाही नाही. त्याला हे वाचूनच कळेल. मी टीव्हीवर त्या बेटांच्या बातम्या बघते. कोणीतरी पुढारी एखाद्या परिषदेत उभा राहून बोलतो, मग दुसरी बातमी लागते. मला तो किनारा रेषेरेषेने पाठ आहे. त्या देशात मी कधी जाणार नाही, आणि गेले तर तोंड कसं दाखवू असं काहीतरी वेड्यासारखं वाटतं, जणू मी त्यांचंच काही बुडवलंय.

यंदा मे महिन्यातल्या बँक हॉलिडेच्या सुट्टीला गार्गी लेस्टरहून दोन दिवस घरी आली होती. एकवीस वर्षांची झाली, युनिव्हर्सिटीचं शेवटचं वर्ष, तिचेही पेपर चालू होते. मोठी मोकळी मुलगी आहे. माझ्याशी बोलते, माझी नक्कल करते, काय करून राहिली गं आई, असं नागपुरी सूर लावून चिडवते. कधीही तिने तो विषय काढला नाही. मला वाटायचं विसरली असेल. असं वाटून घेणं सोयीचं होतं.

सोमवारी सकाळी आम्ही दोघी गाडीतून सामान आणायला निघालो. ती चालवत होती. खिडक्या बंद होत्या, कारण तिलाही आता परागकणांचा त्रास होतो. मांडीवर टिश्यूचा डबा, डोळे पाणावलेले. लेखनिकाच्या कामाने हात दुखतो, असं काहीतरी मी सांगत होते. मुलं सांगतात ते एक अक्षरही न बदलता लिहावं लागतं, असं म्हणता म्हणता मी त्या विषयावर येऊन पोचले.

"कोर्सवर्कच्या वेळी," मी म्हटलं, "त्या खोलीत मी बोलायला हवं होतं. मी बोलणारच होते गं. तू आधी बोललीस."

 तिने एक टिश्यू ओढला, नाक पुसलं, तो चुरगाळून दाराच्या कप्प्यात टाकला. रागावली आहे असं मुळीच वाटत नव्हतं. खूप दिवस माहीत असलेली गोष्ट सांगावी तशी, हळूच म्हणाली.

"मी मुद्दामच आधी बोलले, आई. मी थांबले असते आणि तू बोललीच नसतीस तर? ते मला बघायचं नव्हतं."

बोलले असते गं, एवढंच मला म्हणायचं होतं. पाच वर्षं मी ते वाक्य रोज स्वतःला ऐकवत आले आहे, दोनदा, सावकाश, उतरवून घेता येईल असं. तिच्याशेजारी बसून ते माझ्या तोंडातून निघालं नाही.